केबल बदलली की कान?

मागच्या दिवाळीत माझ्या एका मित्राने स्पीकरच्या केबल घेतल्या. डबा उघडला तर आत मखमली पिशवी, पिशवीत बोटाएवढ्या जाड निळ्या केबल, सापाच्या कातीसारखं जाळीदार वेष्टण चढवलेल्या, आणि वर एक कार्ड : पहिले शंभर तास वाजू द्या, मग आवाज खुलेल. किंमत त्याने मला कानात सांगितली, वहिनींना सांगितली नव्हती. तेवढ्या पैशात बऱ्यापैकी सेकंडहँड स्कूटर आली असती.

मग त्याने एक ख्याल आधी जुन्या वायरीवर लावला आणि केबल बदलून पुन्हा लावला. डोळे मिटून म्हणाला, ‘‘ऐक, तानपुऱ्याची जवारी कशी सुटी सुटी ऐकू येते.’’ मीही डोळे मिटले. खोटं कशाला बोलू, जवारी खरंच सुटी ऐकू आली. डग्ग्याची घुमारही भरदार वाटली. घरी परतताना मात्र डोक्यात एकच किडा : हे केबलने केलं, त्या मखमली पिशवीने केलं, की मित्राच्या ‘ऐक’ या शब्दाने?

केबलचं काम आधी समजून घेऊ. अ‍ॅम्प्लिफायर गाण्याच्या चढउताराप्रमाणे व्होल्टेज देतो, ते स्पीकरपर्यंत पोचवायचं. मार्केट यार्डात शेतकरी आणि व्यापारी यांच्यामध्ये जसा अडत्या, तशी ही केबल. माल तिच्या हातून जातो आणि ती आपली अडत कापून घेते. या अडतीला विज्ञानाच्या पुस्तकात रोध म्हणतात आणि ती ओहममध्ये मोजतात. वायर जितकी लांब तितकी अडत जास्त, जितकी जाड तितकी कमी.

आकडे अगदी सोपे आहेत. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०१७ ओहम. अ‍ॅम्पपासून स्पीकर ५ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं लागतं. म्हणजे ०.५ चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीत सुमारे ०.३४ ओहम आणि घराच्या वायरिंगमध्ये वापरतात तशा २.५ च्या वायरीत सुमारे ०.०७ ओहम.

आता सगळ्या सुरांवर सारखीच अडत कापली गेली असती तर भांडणच नव्हतं. आवाज किंचित कमी झाला असता, आपण नॉब केसभर फिरवला असता, संपलं. पण स्पीकरच्या मागे ‘८ ओहम’ लिहिलेलं असतं ते ढोबळ असतं. तोच स्पीकर एखाद्या फ्रिक्वेन्सीला ४ ओहम दाखवतो आणि दुसऱ्या एखाद्या फ्रिक्वेन्सीला ३०. जिथे स्पीकरचा आकडा लहान, तिथे केबलचा वाटा मोठा. बारीक वायरीचा हिशोब मांडला तर ४ ओहमच्या ठिकाणी आवाज ०.७ डेसिबलने खाली येतो आणि ३० च्या ठिकाणी फक्त ०.१ ने. म्हणजे सुरासुरांत ०.६ डेसिबलचा दुजाभाव. हा तयार कानाला, लागोपाठ तुलना करून, जाणवू शकतो. हाच हिशोब २.५ च्या वायरीने केला की दुजाभाव ०.१३ डेसिबलवर येतो. तो ऐकून सांगणारा कान मला अजून भेटायचा आहे.

तेव्हा वायरीने फरक पडतो का, तर पडतो : बारीक आणि लांब वायर आवाज बिघडवते. पुरेशी जाड वायर बिघडवणं थांबवते. त्यापुढे तिच्या हातात काही उरत नाही, कारण अडत्याने अडत अगदी शून्यावर आणली तरी तो मालात भर घालू शकत नाही.

आणि एक गोष्ट स्पीकर उघडून आत डोकावलं की लख्ख कळते. कोनाच्या, म्हणजे हलून आवाज काढणाऱ्या पडद्याच्या, मागे जी व्हॉइस कॉइल असते तीही तारच आहे. ८ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा नुसता रोध ६ ओहमच्या आसपास असतो. तार ०.२ मिलिमीटर व्यासाची तांब्याची धरली तर ६ ओहम व्हायला जवळजवळ ११ मीटर तार गुंडाळावी लागते. शिवाय स्पीकरच्या पेटीत आवाजाचे जाड-बारीक भाग वेगळे करणारं क्रॉसओव्हर असतं, त्यातल्या कॉइल्समध्ये आणखी काही मीटर. म्हणजे बोटाएवढ्या निळ्या केबलमधून तोऱ्यात निघालेला करंट शेवटी दोऱ्याएवढ्या तारेच्या दहा-अकरा मीटरमधून जातो तो जातोच. बाहेरच्या ०.०७ ओहमसाठी स्कूटरचे पैसे मोजणाऱ्याने आतल्या ६ ओहमचंही कधी मनावर घ्यावं!

‘चांदीची केबल’ म्हणून जे विकतात, त्यात चांदी खरी असेलही. चांदीचा रोध तांब्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी असतो. तेवढी सुधारणा तांब्याची वायर तेवढ्याच टक्क्यांनी जाड घेऊन मिळते. ऑक्सिजन-फ्री तांब्याचा फायदा एक टक्क्याच्या घरातला. मग येतो स्किन इफेक्ट, म्हणजे फ्रिक्वेन्सी वाढली की करंट वायरीच्या सालीकडून वाहू लागतो ते. ही भानगड खरी आहे, रेडिओवाल्यांची तीत झोप उडते. पण २० किलोहर्ट्झला तांब्यात ही ‘साल’ जवळपास अर्धा मिलिमीटर जाड असते. आपल्या २.५ च्या वायरीचा ०.०७ ओहम तिथे फार तर ०.०९ होईल. आणि २० किलोहर्ट्झ चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना मुळात ऐकूच येत नाही. ज्यांच्याकडे महागड्या केबल घ्यायला पैसे असतात त्यांचं वय साधारण काय असतं, ते तुम्हीच बघा.

केबलवर बाणाची खूण करून ‘याच दिशेने जोडा’ असंही लिहितात. स्पीकरला जाणारा करंट उलटसुलट झोके घेतो, सेकंदाला शेकडो-हजारो वेळा दिशा बदलतो. तो बाण वाचत नाही. यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या काही इंटरकनेक्ट केबलमध्ये मात्र बाहेरचा घों अडवणारी तारांची जाळी एकाच टोकाला जोडलेली असते, तिथे बाणाला अर्थ आहे. सगळं थोतांड म्हणून मोकळं होता येत नाही ते असं.

हा वाद काही आजचा नाही. स्पीकरला टेबललॅम्पची साधी दोन कोरची वायर जोडायची पद्धत अमेरिकेत वर्षानुवर्षं होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नोएल ली या इंजिनियरने मॉन्स्टर केबल बाजारात आणली आणि स्पीकरची वायर ही वेगळी, कौतुकाने विकायची वस्तू झाली. मग १९८३ साली ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ या मासिकाने लोकांना बसवून डोळ्याआड चाचणी घेतली : मॉन्स्टर केबल, तिच्यासमोर १६ गेजची लॅम्पची वायर म्हणजे साधारण १.३ चौरस मिलिमीटर, आणि २४ गेजची बारीक वायर म्हणजे जेमतेम ०.२, जी तेव्हा ‘स्पीकर वायर’ म्हणून फुकटातही मिळायची. पन्नास तासांच्या खटाटोपानंतर निघालं ते असं : संगीत वाजवलं तर मॉन्स्टर आणि लॅम्पची वायर यांतला फरक ओळखता येत नाही, आणि त्या दोन्ही बारीक वायरीपेक्षा सरस दिसतात. वर मांडलेल्या हिशोबात जे बसतं, नेमकं तेच.

२००७ मध्ये जादूगार जेम्स रँडी यांनी अलौकिक दावे सिद्ध करून दाखवणाऱ्यांसाठीचं आपलं दहा लाख डॉलरचं आव्हान हजारो डॉलरच्या केबलसाठीही खुलं केलं. मायकेल फ्रेमर हे हाय-फायचे नावाजलेले समीक्षक पुढेही आले, पण केबल आणि अटी यांवरून गाडी अडली आणि चाचणी झालीच नाही. ‘बघा, पळाले’ असं दोन्ही बाजू म्हणतात. न झालेल्या कुस्तीत कोण जिंकलं, हे मी तरी सांगणार नाही.

आता केबलच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण काही ठिकाणी ती धडधडीत ऐकू येते. पहिलं ठिकाण म्हणजे रेकॉर्डप्लेअर. त्याच्या सुईमागच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये बारीक तारेची कॉइल असते, तिचं इंडक्टन्स, म्हणजे करंटच्या बदलाला अडवण्याचा गुण, अर्ध्या हेन्रीच्या आसपास. केबलच्या आतली तार आणि बाहेरची जाळी मिळून एक छोटा कपॅसिटर होतो. हे दोघं एकत्र आले की घंटेसारखे एका ठरावीक सुराला घुमतात. केबल आणि सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअ‍ॅम्प मिळून २०० पिकोफॅरड (कपॅसिटरचं माप) असतील तर ती घुमार १६ किलोहर्ट्झजवळ पडते, कानाच्या जवळजवळ बाहेर. लांब, ढिसाळ केबल जोडून आकडा ५०० वर नेला की घुमार १० किलोहर्ट्झवर उतरते. मग गायकाचा प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागतो आणि त्याच्या वरचा भाग मावळतो. इथे केबल बदलली तर आवाज बदलणारच. गंमत म्हणजे यात किमतीचा काही संबंध नाही, पिकोफॅरडचा आहे. आखूड आणि स्वस्त केबल बरेचदा जाडजूड महागड्या केबलला मात देते. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांना हे अनुभवाने ठाऊक असतं, लांब केबल लावली की तारांची चमक उतरते.

सीडी प्लेअर किंवा डॅक (शून्य-एकच्या आकड्यांचं गाणं करणारं यंत्र) ते अ‍ॅम्प या केबलला हे दुखणं नाही, कारण सिग्नल पाठवणारं यंत्र दमदार असतं. १०० ओहमचं आउटपुट आणि २०० पिकोफॅरडची केबल असेल तर घसरण सुरू होते ८ मेगाहर्ट्झला. तिथे वटवाघूळही ऐकत नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे घोंघावणं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती आवाजात घुसली की ५० आणि १०० हर्ट्झचा जाड, सलग घों ऐकू येतो. जाळी फाटकी किंवा नावापुरती असेल तर केबल बदलून फरक पडतो. पण बहुतेक वेळा गुन्हेगार वेगळा असतो. अ‍ॅम्प एका भिंतीच्या सॉकेटवर, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या, दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक, आणि तो फरक भरून काढायला करंट आपल्या नाजूक ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहतो. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणली की निम्म्या घरांतला घों जातो. टीव्हीच्या केबलवाल्याची वायर उपसून पाहिली की उरलेल्यांतल्या बऱ्याच घरांतला. अर्थिंगची पिन कापून टाकायचा सल्ला देणारे महाभाग भेटतात, त्यांचं ऐकू नका, गाणं ऐकताना शॉक बसायचा.

तिसरं ठिकाण सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत दुर्लक्षित : सांधा. मुंबईत, कोकणात, गोव्यात खाऱ्या दमट हवेने उघडं तांबं काळं आणि मग हिरवं पडतं. स्पीकरच्या मागच्या स्प्रिंगच्या चिमट्यात दहा पावसाळे काढलेली वायर ओढून बघा, टोकावर हिरवट पूड निघेल. तो सांधा कधी लागतो, कधी सुटतो, कधी खरखरतो. अशा वेळी नवी केबल जोडली की आवाज खरोखर सुधारतो. पण जुन्याच वायरीचं टोक इंचभर कापून, सोलून, पीळ देऊन पुन्हा लावलं असतं तरी तेवढाच सुधारला असता. ऑडिओ केबलच्या टोकाची आरसीए पिन नुसती चार वेळा काढघाल केली तरी वरचा थर घासला जातो. ‘केबल बदलली आणि पडदा बाजूला झाला’ या कहाण्यांतल्या काही तरी अशा असणार, माणूस खोटं बोलत नसतो, श्रेय भलत्याला देतो.

उलटंही होतं. मी स्वतः एकदा स्पीकर हलवताना एका बाजूची लाल-काळी उलटी जोडली. डग्गा गायब झाला आणि गायिका मधोमध बसायची ती खोलीभर विरघळली. दोन दिवस मी अ‍ॅम्पवर संशय घेत होतो. एक कोन पुढे जाताना दुसरा मागे जात होता, खर्ज एकमेकांना खात होता, एवढंच. अशा उलट्या जोडणीतून नवी केबल नीट जोडणाऱ्याला ती केबल चमत्कारीच वाटेल.

यूएसबी, एचडीएमआय, नेटवर्क केबल यांच्यावर फार शाई खर्चायला नको. तिथून शून्य-एकचे आकडे जातात. आकडे पोचले तर गाणं जसंच्या तसं, नाही पोचले तर टकटक, तुटकतुटक किंवा शांतता. ‘थोडा मऊ आवाज’ असा मधला प्रकार नसतो. स्ट्रीमिंगचं गाणं कुठल्या तरी परदेशी सर्व्हरवरून येत असेल तर समुद्राखालच्या केबलने वर्सोव्यासारख्या किनाऱ्याला लागतं, तिथून खांबांवरून लोंबकळत तुमच्या राउटरपर्यंत येतं. शेवटच्या एका मीटरला सोन्याचा मुलामा देऊन त्या प्रवासाचं काय भलं होणार? वीजपुरवठ्याच्या केबलचंही तसंच. डीपीपासून तुमच्या भिंतीपर्यंत साधीच वायर आहे.

मग मला जवारी सुटी का ऐकू आली? एक तर केबल बदलल्यावर मित्राने आवाज किंचित वाढवला असणार, मुद्दाम नव्हे, नॉब पुन्हा तंतोतंत तिथेच येत नाही म्हणून. अर्धा डेसिबल मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. हाय-फायच्या दुकानदारीतलं हे जुनं गुपित आहे. दुसरं, मी जवारी ऐकायलाच बसलो होतो. सांगितल्यावर दिसणारा चांदोबातला ससा आठवा, एकदा दाखवला की पुसता येत नाही. तिसरं कारण खोलीचं. मी आधी सोफ्याच्या टोकाला होतो, नंतर मधोमध सरकलो. १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास खर्ज भिंतीभिंतींत अडकून एका जागी फुगतो आणि दुसऱ्या जागी पार दबतो. तो फरक कित्येक डेसिबलचा असतो. केबलच्या ०.१३ डेसिबलपुढे सोफ्यावरची एक हातभर सरक म्हणजे भूकंप. समोर गालिचा टाकला, भिंतीला पुस्तकांची मांडणी उभी केली, स्पीकर कोपऱ्यातून दोन फूट पुढे ओढले, तर आवाज इतका बदलतो की शेजारीही विचारतील.

हे सगळं मित्राला सांगितल्यावर तो चिडला. मग ठरलं की पैज लावू. मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून चाळीस-शहात्तरची दोन कोरची वायर आणली. चाळीस तारा, प्रत्येक ०.००७६ इंच जाडीची, मिळून सव्वा चौरस मिलिमीटरच्या किंचित खाली. दुकानदाराने मीटर मोजून गुंडाळून दिली, मखमली पिशवीऐवजी रबरबँड लावून. अ‍ॅम्पवर एकच सूर वाजवून मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवरचं व्होल्टेज दोन्ही वायरींनी मोजलं, आकडे जवळजवळ सारखे. अ‍ॅम्पच्या पुढे चादर लावली. मित्र सोफ्यावर, मी पाठमोरा त्याच्या शेजारी, म्हणजे माझ्या चेहऱ्यावरूनही काही कळायला नको. वहिनी चादरीमागे. त्या स्वयंपाकघरात जाऊन नाणं उडवणार, छापा तर निळी, काटा तर रबरबँडवाली, अ‍ॅम्प बंद करून वायर लावणार, वहीत लिहिणार.

अशा सोळा खेपा. नुसते अंदाज ठोकले तरी आठेक बरोबर येतात. बारा किंवा जास्त आले तर मानायचं, कारण निव्वळ नशिबाने बारा जुळायची शक्यता चार टक्क्यांहून कमी. मित्राची एक तक्रार मात्र रास्त होती : वायर बदलायला मिनिटभर लागतं, तेवढ्यात कान आधीचं विसरतो, खटका मारून क्षणात बदलता आलं पाहिजे. कबूल. पण रात्र आणि दिवस इतका फरक असल्याचं जो सांगतो, त्याला मिनिटभराने रात्र की दिवस हे सांगता यायला हरकत नसावी.

सोळापैकी नऊ बरोबर आले. अकराव्या खेपेला तर ‘‘ही शंभर टक्के निळी, बघ डग्गा कसा उठतोय’’ असं म्हणत त्याने मांडीवर ठेका धरला होता, तेव्हा रबरबँडवाली लागली होती.

वहिनींनी वही मिटली. निळी केबल हातात घेऊन तिचं वेष्टण नखाने खरवडून पाहिलं आणि विचारलं, ‘‘छान आहे हो. केवढ्याला पडली?’’

मित्राने चटकन उठून आवाज वाढवला.